समूह चाचणी

समूह चाचणी ही मोठ्या संचातील मोजके सदोष घटक कमीत कमी चाचण्यांत शोधून काढण्याची गणिती पद्धत आहे. तीत प्रत्येक घटक स्वतंत्रपणे न तपासता घटकांचे गट पाडून प्रत्येक गटाची एकत्रित चाचणी घेतली जाते. गट निर्दोष ठरल्यास त्यातील सर्व घटक एकाच चाचणीत निर्दोष ठरतात.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सैन्यात भरती होणाऱ्यांची उपदंशासाठी रक्ततपासणी केली जात असे. अनेकांच्या रक्ताचे नमुने एकत्र करून तपासावेत, ही कल्पना रॉबर्ट डॉर्फमन यांनी १९४३ मध्ये एका शोधनिबंधात मांडली. मात्र उपदंशाच्या तपासणीत ती प्रत्यक्ष वापरात आली नाही.

डॉर्फमन पद्धत

ही पद्धत दोन टप्प्यांची आहे. प्रथम गटांची चाचणी होते; जे गट सदोष ठरतात, केवळ त्यांतील घटक एकेक करून तपासले जातात. समजा, १,००० व्यक्तींत रोगाचे प्रमाण १ टक्का आहे. ११ जणांचा एक गट केल्यास सुमारे ९१ गट होतात. त्यांपैकी सरासरी साडेनऊ गट सदोष निघून सुमारे १०५ व्यक्तींची पुन्हा तपासणी करावी लागते. म्हणजे १,००० ऐवजी सुमारे १९६ चाचण्या पुरतात.

रोगाचे प्रमाण १० टक्के असेल, तर ४ जणांचा गट सर्वांत सोयीचा ठरतो. पण चाचण्या सुमारे ५९४ लागतात. प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांच्या वर गेल्यास या पद्धतीने काहीच बचत होत नाही.

इतर पद्धती

१,००० वस्तूंत नेमकी एकच सदोष आहे, हे ठाऊक असल्यास दर वेळी संच निम्मा करत गेल्याने ती १० चाचण्यांत सापडते. येथे प्रत्येक चाचणी आधीच्या निकालावर अवलंबून असते. हेच काम एकाच फेरीतही साधते. वस्तूंना द्विमान पद्धतीने दहा अंकी क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक स्थानी १ हा अंक असलेल्या वस्तूंचा एकेक गट करावा. सदोष गटासाठी १ व निर्दोष गटासाठी ० लिहिल्यास सदोष वस्तूचा क्रमांकच मिळतो.

उपयोग व मर्यादा

रक्तपेढ्यांत दान केलेल्या रक्तातील विषाणू शोधण्यासाठी समूह चाचणी वापरतात. नमुने मिसळल्याने ते विरळ होतात आणि मोठ्या गटात बाधित नमुना निसटू शकतो. त्यामुळे गणिताने सुचवलेला गट प्रयोगशाळेत नेहमीच चालत नाही. कोव्हिड-१९ च्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) एका गटात जास्तीत जास्त ५ नमुने घेण्याची सूचना केली. ज्या भागांत बाधितांचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी आहे, तेथेच ही पद्धत सर्वसाधारणपणे वापरावी, असेही तिने सुचवले.