विटाळाच्या खोलीतून निघालेली वाट

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झेंडा काढायला जो पुढे सरसावेल त्याच्यावर समोरून गोटे सुटतात. असे सांगतात की पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता, दोन्ही गावांनी त्यांना पात्रातच गाठले आणि दगडांनी मारले. इतिहासात याला आधार किती, हा प्रश्न वेगळा. पण त्या दोघांच्या आठवणीसाठी म्हणून दरवर्षी शेकडो डोकी फुटतात हे तर डोळ्यांसमोरचे आहे. काहींचे जीवही गेले आहेत. सरकारने बंदीहुकूम काढून पाहिले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. गोटमार काही थांबली नाही.

दरवर्षी वर्तमानपत्रांत या गोटमारीची छायाचित्रे येतात. लोक दगड पाहतात. माझे लक्ष मात्र नदीकाठी त्या दिवसापुरत्या थाटलेल्या दवाखान्यांकडे जाते. तिथे डॉक्टर असतात, त्यांच्याबरोबर परिचारिका असतात. समोर आलेली जखम धुवायची, दाबून रक्त थांबवायचे, पट्टी बांधायची आणि पुढच्याकडे वळायचे. हा पांढुर्ण्याचा की सावरगावचा, हे विचारायची तिथे सोयच नाही. पट्टी बांधून घेतलेला माणूस पुन्हा नदीत उतरेल हे माहीत असूनही पट्टी नीटच बांधायची असते. असे काम आयुष्यभर करावे असे एखाद्या मुलीला का वाटत असेल? हा लेख त्या प्रश्नामागे जाण्याचा प्रयत्न आहे.

पांढुर्णा आणि सौंसर ही गावे आपल्या गोमंतकीय वाचकांना फारशी ठाऊक असायचे कारण नाही. आपली गोवा एक्सप्रेस भुसावळहून खंडव्याकडे वळते. पांढुर्णा लागते ते नागपूर-इटारसी मार्गावर. हा सारा संत्र्यांचा आणि मराठी बोलणाऱ्यांचा मुलूख. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्ह्यातले हे मराठी तालुके मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यातच आहे. कागदावर राज्य बदलले तरी आजाऱ्याची वाट काही बदलली नाही. दुखणे हाताबाहेर गेले की आजही गाडी नागपूरच्या दिशेने निघते. सौंसरजवळ जामसावळीला झोपलेल्या मारुतीचे देवस्थान आहे. तिथेही लोक दुखणेकरी घेऊन येतात, विशेषतः मनाच्या व्याधींनी गांजलेले. देवळात काय आणि इस्पितळात काय, रोग्याजवळ रात्र काढणारे एक माणूस लागतेच.

या माणसाला आपल्या परंपरेत फार जुने नाव आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, रोगी आणि परिचारक. परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत. त्याला शुश्रूषेचे ज्ञान हवे, हात चपळ हवेत, रोग्याविषयी माया हवी आणि त्याने स्वच्छता पाळावी. या यादीत माया आहे, पण ती एकटी नाही. ज्ञान तिच्या आधी येते. हे ध्यानात ठेवा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

ग्रंथात इतका मान आणि व्यवहारात काय? व्यवहारात रक्त, मलमूत्र, वार, नाळ यांना हात लावणारा माणूस विटाळलेला. बाळंतीण ही घरातली सर्वांत नाजूक अवस्थेतली बाई, पण तिला अंधाऱ्या, बिनहवेच्या खोलीत ठेवायचे. सुईण बहुधा अशा जातीतली, जिला गावाने खालची मानलेली. आपल्याकडे गोव्यात तिला वोयजीण म्हणत. तिला बोलावणे जायचे, बाळ-बाळंतिणीला तेल लावून ती न्हाऊ घालायची, तिला लुगडे-तांदूळ-नारळ मिळायचे. पण सुवेर संपले की तिची जागा पुन्हा अंगणात. जिच्या हातांत जीव सोपवला, तिला घरात घ्यायचे नाही, असा हा हिशेब होता. अशा कामाला चांगल्या घरची मुलगी जाईल कशी?

इंग्लंडातही फार वेगळे नव्हते. श्रीमंत घरातल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८३७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेला बोलावल्याचे लिहून ठेवले. घरच्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. १८५४मध्ये ती क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी स्कुटारीला गेली आणि १८६०मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात तिची परिचारिका शाळा सुरू झाली. बोलावणे आल्यापासून शाळा उघडेपर्यंत तेवीस वर्षे गेली. तिच्या हातातला दिवा सर्वांना आठवतो. तिने मांडलेले मृत्यूंचे आकडे, गटारे आणि हवेशीर खोल्या यांविषयीचा तिचा हट्ट मात्र थोड्यांना आठवतो. हिंदुस्थानात ती कधी आली नाही, तरी इथल्या आरोग्याविषयी तिने आयुष्यभर लिहिले.

आपल्याकडे हे बोलावणे कुठून आले? मला त्याचे उत्तर नागपुरात सापडते, पांढुर्णा-सौंसरचे लोक ज्या शहराला आपले म्हणतात त्याच शहरात. १९२१ साली तिथे कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोन प्रशिक्षित परिचारिकांनी चार खाटांचे सूतिकागृह काढले. त्याचेच पुढे मातृसेवा संघ झाले. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी आणि छिंदवाडा त्याच प्रांतात. कमलाताईंचा जन्म १८९६चा. लग्न बालवयात झाले आणि कोवळ्या वयातच वैधव्य आले. पुढे त्यांनी डफरिन इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेतले. लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी १८८५मध्ये सुरू झाला होता. पडद्याआडच्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि सुइणी मिळाव्यात हा त्याचा हेतू. त्यातून अशी इस्पितळे ठिकठिकाणी उभी राहिली होती.

इथे क्षणभर थांबून त्या काळातले विधवेचे स्थान आठवून पाहा. तिने हळदी-कुंकवाला जायचे नाही. डोहाळजेवणाला समोर यायचे नाही. बारशाच्या पाळण्याला हात लावायचा नाही. शुभकार्याला निघालेल्याला ती आडवी आली तर त्याने मागे फिरायचे. आणि नागपुरात अशा एका विधवेच्या हातांवर शहरातल्या लेकी-सुनांची मुले जन्माला येऊ लागली! नव्या जिवाला पहिला स्पर्श तिचा. ज्या मंगल कार्यातून तिला बाहेर काढले होते, त्या सर्वांच्या मुळाशी जी घटना असते तिथेच ती जाऊन उभी राहिली. समाजाला हे चालले कसे? एक तर बाळंतपणात बायका मरत होत्या आणि शिकलेला हात मरण थोपवतो हे लोकांना दिसत होते. दुसरे, ती खोली आधीच विटाळाची, तेव्हा तिथे कोण गेले याची फिकीर घरातल्या मोठ्यांना नव्हती. कमलाताईंनी आणि वेणूताईंनी त्या दुर्लक्षाचे दार केले. चार खाटांचा पसारा वाढला, नागपूरबाहेर शाखा निघाल्या, १९५८मध्ये समाजकार्याचे महाविद्यालय उभे राहिले. १९६१ साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली. १९८१मध्ये त्या गेल्या.

त्या एकट्या नव्हत्या. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली १९०९ला सेवासदन निघाले. संस्थेने विधवांना आणि गरजू स्त्रियांना ससून इस्पितळात परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवले. रमाबाई स्वतः विधवा. त्याही आधी, १८९७च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले मुलगा यशवंत याने उघडलेल्या दवाखान्यात रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, त्यातच त्यांना प्लेगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या वारल्या. त्यांनाही तेव्हा वैधव्य येऊन सहा-सात वर्षे झाली होती. या साऱ्या जणींकडे पाहिले की मला वाटते, आपल्याकडचे बोलावणे आकाशवाणीसारखे वरून आले नाही. सगळी दारे लावून घेतल्यावर जे एक उघडे राहिले, त्यातून ते आले. त्या दाराशी दुखणारे माणूस पडले होते. आपण याला उपयोगी पडू शकतो, हे कळणे म्हणजेच ते बोलावणे. त्यात पोट भरण्याचा प्रश्नही होता, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. स्वतःच्या कमाईवर उभी राहिलेली विधवा हीसुद्धा त्या काळात एक क्रांतीच होती.

पण एकदा आलेले बोलावणे टिकते कशावर? याचे उत्तर मुंबईच्या केईएम इस्पितळाने दिले. आपल्या शेजारच्या कारवार जिल्ह्यातील हळदीपूरची अरुणा शानबाग तिथे परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ला इस्पितळातच तिच्यावर अमानुष हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ला ती गेली. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षे तिथल्या परिचारिकांनी तिला भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. इतक्या वर्षांच्या अंथरुणात पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत. २०११मध्ये तिच्या दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. दयामरणाविषयी आपले मत काहीही असो. ज्यांनी तिला धडधाकट पाहिलेसुद्धा नव्हते, अशा मुली नव्याने नोकरीला लागत आणि तिची पाळी घेत. पहिलीची पाळी संपली की दुसरी उभी. कुणा एकीच्या अंतःकरणात पेटलेली ज्योत इतकी वर्षे पुरली नसती. ती पुरली कारण पाळीपत्रक होते, आणि त्या पाळीपत्रकातल्या प्रत्येकीला आपले काम येत होते.

म्हणूनच 'सेवा' या शब्दाची मला थोडी भीती वाटते. तो उच्चारून आपण परिचारिकेला देवी करतो आणि पगाराचा विषय निघाला की देवीला पगार कशाला, असे मनात म्हणतो. तिला रात्रपाळीला सुखरूप पोचवण्याची सोय, एकीवर किती रोगी असावेत याची मर्यादा, वेळेवर वेतन, हे मागितले की सेवाभाव कमी झाला अशी कुजबुज होते. कोविडच्या काळात आपण गॅलरीत उभे राहून टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर कंत्राटी परिचारिकांच्या कंत्राटांचे काय झाले, हे विचारायला थोडेच जण थांबले. चरकाने मायेच्या आधी ज्ञान लिहिले. आम्ही ज्ञान पुसून फक्त माया शिल्लक ठेवली, कारण मायेचे पैसे द्यावे लागत नाहीत.

गोव्यात १८४२पासून वैद्यकीय शाळा आहे. आजच्या गोमेकॉचे मूळ तेच. आपल्या गावोगावच्या मुली आज परिचारिकेचे शिक्षण घेऊन बांबोळीला लागतात, आखातात जातात, आयर्लंड-इंग्लंडला जातात. जुन्या घरातली एखादी आजी अजूनही नाक मुरडते: 'नर्सीण? लोकांची घाण काढायला?' त्या आजीच्या जन्माच्या वेळी कुणी वोयजिणीने तीच घाण काढली होती, म्हणून ती नाक मुरडायला शिल्लक आहे, हे तिला कोण सांगणार?

सौंसरची किंवा सत्तरीची एखादी मुलगी उद्या हे काम निवडील. तिला विचारले तर ती कदाचित एवढेच म्हणेल, की घरी कुणी आजारी होते, एका सिस्टरने ते निभावून नेले आणि मला तसे व्हावेसे वाटले. किंवा म्हणेल, नोकरी लवकर लागते म्हणून. दोन्ही कारणे खरी आणि दोन्ही पुरेशी आहेत. तिच्या उत्तरात तेज शोधत बसण्यापेक्षा तिला चांगले शिकवावे, पुरता पगार द्यावा आणि आजारातून उठल्यावर तिला आपल्या घरी, ओसरीवर नव्हे, माजघरात जेवायला बोलवावे. शंभर वर्षांपूर्वी कमलाताईंनी ज्या खोलीत पाऊल टाकले, तिथून माजघरापर्यंतचे अंतर आपण अजून पुरते तोडलेले नाही.