घासून चेहरा उजळत नाही. स्क्रब घेण्याआधी आपली त्वचा ओळखा

राजुरा : सास्ती, गौरी परिसरातील कोळशाची धूळ आणि त्यात चंद्रपूरचं ऊन. चेहरा काळवंडला की अनेक जण स्क्रब घेऊन खसाखसा घासतात. धूळ तर साध्या फेसवॉशनेही निघते. स्क्रब फक्त मृत त्वचा काढतो. जोरात घासलं तर त्वचा सोलवटते आणि सावळ्या रंगावर काळे डाग उरतात.

तेलकट, मुरुमांची त्वचा : दाणेदार स्क्रब टाळा. २ टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेला फेसवॉश घ्या.

कोरडी त्वचा : लॅक्टिक अ‍ॅसिडचं सौम्य लोशन आठवड्यातून एकदा, नंतर मॉइश्चरायझर.

नाजूक त्वचा : आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. आग झाली तर वापरू नका.

गजकर्ण, खरूज किंवा जखम : स्क्रब लावूच नका. मनानेच आणलेली स्टेरॉइडची क्रीमही नको, गजकर्ण आणखी पसरतं. डॉक्टरांना दाखवा.

लिंबू-सोडा चेहऱ्यावर चोळू नका. लॅक्टिक अ‍ॅसिड लावल्यावर ऊन जास्त बाधतं. म्हणून ते रात्री लावा. दिवसा एसपीएफ ३० चं सनस्क्रीन आणि शेतात जाताना दुपट्टा हवाच.