सागरी किनारा नियमन क्षेत्र

सागरी किनारा नियमन क्षेत्र (प्रचलित नाव : सीआरझेड) हा भारताच्या समुद्रकिनाऱ्यालगतचा नियंत्रित भूभाग व जलभाग होय. या क्षेत्रातील बांधकाम, उद्योग, भराव आणि भूजलाचा उपसा यांवर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये निर्बंध आहेत. किनाऱ्यावरील परिसंस्था व मच्छीमारांची उपजीविका यांच्या रक्षणासह गोड्या भूजलाचे जतन आणि पुराच्या हानीला आळा हे या नियमांचे महत्त्वाचे परिणाम आहेत.

पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या पाण्यापासून किमान ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. तिची जागा ६ जानेवारी २०११ च्या आणि पुढे १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने घेतली.

सीमा व वर्ग

उधाणाच्या वेळी पाणी जमिनीवर जेथवर पोहोचते, ती उच्चतम भरती रेषा. समुद्रकिनारी तिच्यापासून ५०० मीटरपर्यंतची जमीन या क्षेत्रात येते. खाडी व भरतीचे पाणी शिरणाऱ्या नद्यांच्या काठी २०१९ च्या नियमांनुसार ही मर्यादा ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते, अशी आहे. क्षेत्राचे चार मुख्य वर्ग आहेत : कांदळवने, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या इत्यादी संवेदनशील भाग आणि भरती-ओहोटीमधला पट्टा (१), विकसित नागरी भाग (२), ग्रामीण व तुलनेने अबाधित भाग (३) आणि जलभाग (४).

भूजल

किनाऱ्यालगत गोडे भूजल जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. सर्वसाधारण सूत्रानुसार समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोड्या पाण्याचा थर असतो. त्यामुळे पंपाने बेसुमार उपसा झाल्यास खारे पाणी वर चढते आणि विहिरी मचूळ होतात. एकदा खारावलेली विहीर पूर्ववत होण्यास दीर्घ काळ लागतो.

म्हणून १९९१ च्या अधिसूचनेने भरती रेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपशास मनाई केली. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात पिण्यासाठी, शेती, बागायत व मत्स्यव्यवसायासाठी साध्या विहिरीतून हाताने पाणी काढण्याची मुभा होती. २०११ च्या अधिसूचनेने २०० मीटरच्या आतील वस्तीतल्या स्थानिकांना स्वतःच्या वापरापुरती सवलत दिली. कोळंबी प्रकल्पांमुळे भूजल खारावत असल्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ खटल्यात (१९९६) विचारात घेऊन पारंपरिक पद्धती वगळता अशा प्रकल्पांना या क्षेत्रात मनाई केली. नंतर संसदेने २००५ मध्ये किनारी जलसंवर्धनासाठी स्वतंत्र कायदा केला.

पुराचा धोका

वाळूच्या टेकड्या लाटांचा मारा झेलतात, कांदळवने पाण्याचा वेग कमी करतात, तर मोकळी जमीन पाणी पसरू व मुरू देते. त्यामुळे टेकड्या सपाट करण्यास मनाई आहे. १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा असतो. ग्रामीण भागात भरती रेषेलगत 'ना विकास क्षेत्र' राखले जाते. गोव्यातील बांधबंदिस्ती केलेल्या खाजण जमिनींच्या रक्षणासाठी २०११ च्या अधिसूचनेत स्वतंत्र तरतूद होती.

अंमलबजावणी

प्रत्येक किनारी राज्य किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा तयार करते. राज्य प्राधिकरण प्रस्तावांची छाननी करते. नियम मोडून बांधलेल्या केरळमधील मरडू येथील बहुमजली इमारती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार जानेवारी २०२० मध्ये पाडण्यात आल्या. त्यांत घरे घेतलेल्या कुटुंबांना ती सोडावी लागली.

मतभेद

२०१९ च्या अधिसूचनेने २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकसंख्या असलेल्या ग्रामीण भागांत ना विकास क्षेत्र २०० वरून ५० मीटरवर आणले. मात्र नवा आराखडा मंजूर होईपर्यंत २०० मीटरचीच मर्यादा लागू राहते. दाट वस्तीच्या गावांना विकासाची संधी मिळावी, अशी शासनाची भूमिका आहे. अनेक मच्छीमार संघटना व पर्यावरण अभ्यासकांचा आक्षेप असा की, या सवलतीचा लाभ पर्यटन व बांधकाम व्यवसायाला अधिक होईल. शिवाय जेथे माणसे सर्वाधिक आहेत, तेथेच समुद्र आणि घर यांतील अंतर कमी होते.