साष्टीतील कुलवृत्तसाधने

साष्टीतील कुलवृत्तसाधने : मुंबई बेटाच्या उत्तरेस असलेल्या साष्टी बेटातील मूळ रहिवाशांची वंशपरंपरा ज्यांवरून निश्चित करता येते, अशा धार्मिक, महसुली, नागरी व खाजगी नोंदी. वांद्रे, कुर्ला, मरोळ, मालाड, मानोरी, गोराई, ठाणे इ. ठिकाणे ह्या बेटात मोडतात. भातशेती, मिठागरे, ताडीचा व्यवसाय आणि मासेमारी यांवर जगणारी येथील गावे आज महानगराची उपनगरे झाली असली, तरी त्यांतील अनेकांची गावठाणे उंच इमारतींच्या मधोमध टिकून आहेत. तेथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती, आगरी, कोळी, भंडारी, पाचकळशी, वारली इ. समाजांतील घराण्यांना वंशावळीची गरज जिज्ञासेपोटी भासते, तशीच ती वारसाहक्क, जातीचा दाखला किंवा गावठाणातील घराची मालकी सिद्ध करण्यासाठीही भासते. गाव उपनगरात विरले म्हणजे त्याचे दप्तरही गेले, हा समज चुकीचा आहे. दप्तर बहुधा कोठेतरी असते. मात्र राज्य, तालुका व धर्मप्रांत बदलत गेल्याने त्याची कचेरी, भाषा व लिपी बदलत गेली. त्यामुळे ह्या शोधात आडनावापेक्षा गावाचे व पाड्याचे नाव अधिक उपयोगी पडते.

गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी काबीज केली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. ह्या तीन राजवटींचे कागद तीन ठिकाणी विखुरले आहेत. पोर्तुगीज अंमलाचे कागद लिस्बन येथे आणि पणजीच्या पुराभिलेखागारात (स्थापना १५९५) आहेत. मराठी अंमलाचे मोडी लिपीतील कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात, तर इंग्रजी अमदानीतील कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात व जिल्हा कचेऱ्यांत आहेत. सीमांउ बोतेल्यू याने १५५४ मध्ये केलेल्या महसुली नोंदीत वसई प्रदेशाच्या उत्पन्नाचा तपशील मिळतो. परंतु अशा कागदांतून गाव दिसते, घराणे क्वचितच दिसते. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीत उत्तर कोकणात आलेल्या कुळांची नावे आहेत. पाठारे प्रभू व पाचकळशी घराणी आपले मूळ तिच्यात शोधतात. तथापि ही बखर अनेक हातांनी, वेगवेगळ्या काळी लिहिली गेल्याने कुळांच्या आगमनाची परंपरा समजण्यापुरताच तिचा आधार घ्यावा. तिच्यावरून थेट पिढ्या मोजणे धोक्याचे आहे.

ख्रिस्ती घराण्यांच्या बाबतीत सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या होत. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाह व बाप्तिस्मा यांची नोंद प्रत्येक धर्मग्रामाच्या धर्मगुरूवर बंधनकारक केली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत सामान्यतः तारीख, बालकाचे नाव, आईबापांची नावे, धर्मपिता व धर्ममाता आणि धर्मगुरूची सही असते. आईबापांचे गाव वा पाडा दिलेला असल्यास ती नोंद अधिकच मोलाची ठरते. जुन्या नोंदींत पोर्तुगीज व लॅटिन भाषा आणि संक्षेपाक्षरे आढळतात. परंतु मजकूर ठराविक साच्याचा असल्याने वीसपंचवीस शब्द ओळखता आले, तरी त्या वाचता येतात. १९०८ पासून विवाहाची नोंद वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर समासात करण्याचा नियम लागू झाला. समासातील ही एक ओळ संशोधकाला एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये, म्हणजेच बहुधा आईच्या किंवा सासरच्या गावात नेते. स्त्रियांचा माग काढण्यासाठी याइतके सोपे दुसरे साधन साष्टीत नाही.

कोणत्या चर्चची वही पाहावयाची, हे मात्र आधी ठरवावे लागते. एकोणिसाव्या शतकात येथे पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालील पाद्रुआदो आणि रोमच्या थेट सत्तेखालील प्रोपगंडा अशा दोन धर्मसत्ता शेजारी शेजारी नांदत होत्या. त्यामुळे एकाच गावातील भाऊबंदांच्या नोंदी दोन चर्चमध्ये विभागलेल्या सापडू शकतात. १८८६ च्या करारानंतर दमण धर्मप्रांत स्थापन झाला व साष्टीतील पाद्रुआदोची चर्चे त्याखाली गेली. १९२८ मध्ये ती मुंबईच्या महाधर्मप्रांतात आली. शिवाय वस्ती वाढली, तशी जुन्या धर्मग्रामांतून नवी धर्मग्रामे निघाली आणि क्वचित वस्तीच उठून गेली. मरोळजवळचे सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च १५७९ मध्ये बांधले गेले. १८४० च्या सुमाराच्या साथीनंतर तेथील लोक मरोळला गेले व चर्च ओस पडले. त्याचे अवशेष आज सीप्झ ह्या औद्योगिक क्षेत्राच्या आवारात आहेत. त्या वस्तीतील घराण्याचा शोध अवशेषांपाशी नव्हे, तर मरोळच्या चर्चमध्ये सुरू करावा लागतो.

आडनावांनी ह्या शोधात फसगत होते. धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याचे वा धर्मगुरूचे आडनाव घेतले जाई. त्यामुळे डिसोझा, परेरा किंवा रॉड्रिग्ज हे आडनाव समान असल्याने नाते सिद्ध होत नाही, तसेच ते पोर्तुगीज रक्ताचे प्रमाणही नव्हे. ईस्ट इंडियन हे नावही जुने नाही. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, ह्या समाजाने ते स्वीकारले. त्यापूर्वीच्या कागदांत हेच लोक पोर्तुगीज किंवा नेटिव्ह ख्रिश्चन अशा नावांखाली शोधावे लागतात. हिंदू घराण्यांत अडचण वेगळ्या प्रकारची आहे. पाटील, चौधरी ही मूळची पदनावे असून ती अनेक जातींत आढळतात. जुन्या मोडी कागदांत तर आडनाव पुष्कळदा नसतेच. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, एवढ्यावरच ओळख पटवावी लागते. [⟶ मोडी लिपी].

चर्चच्या वह्यांच्या खालोखाल महसुली कागदांचे महत्त्व आहे. हक्कनोंदणीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. तिच्यातील फेरफाराची नोंदवही (गाव नमुना ६) व वारसांची नोंदवही (६-क) ह्या वस्तुतः घराण्याच्या संक्षिप्त वंशावळीच होत. खातेदार वारल्यावर त्याचे मुलगे, विधवा व अज्ञान वारस यांची नावे तेथे लागतात. विवाहित मुलींची नावे मात्र पुष्कळदा गाळली जात किंवा हक्कसोड करून काढली जात. त्यामुळे फेरफारात नाव नाही म्हणून मुलगी नव्हती, असा निष्कर्ष काढता येत नाही. येथे शब्दाचीही एक गंमत आहे : सातबाराच्या उताऱ्यात ‘कुळ’ म्हणजे वंश नव्हे, तर दुसऱ्याची जमीन कसणारा. १९४८ च्या कुळकायद्यानंतर अशा कुळांची नावे व्यवस्थित नोंदली जाऊ लागली आणि ज्यांच्या मालकीचा गुंठाही नव्हता, अशी घराणी प्रथमच दप्तरात दिसू लागली. साष्टीतील अनेक गावे कंपनी सरकारने धनिकांना इनाम किंवा खोतीने दिली होती. १९५१ च्या कायद्याने ह्या इस्टेटींची महसूलमाफी रद्द झाली. तत्पूर्वीची कसणाऱ्यांची नावे खोताच्या खाजगी दप्तरात असण्याचा संभव असतो.

गाव शहरात आले की सातबाराची जागा नगर भूमापनाची मिळकत पत्रिका घेते व सर्व्हे क्रमांक बदलतो. जुना व नवा क्रमांक जुळविणे हे उपनगरातील संशोधनाचे सर्वांत किचकट काम होय. ह्या कामी भूमापनाच्या वेळी केलेली चौकशी नोंदवही उपयोगी पडते. कचेऱ्याही बदलल्या. साष्टीचा दक्षिण भाग १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा करण्यात आला. १९५० व १९५७ मध्ये टप्प्याटप्प्याने उपनगरे बृहन्मुंबईत आली. १९९० मध्ये उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला. म्हणून बोरिवलीच्या एखाद्या घराण्याचा कागद वांद्र्याच्या कचेरीत न मिळाल्यास तो ठाण्याला विचारावा. भूसंपादनाचे निवाडेही दुर्लक्षित राहतात. विमानतळ, आरे दुग्ध वसाहत (१९४९), मरोळची औद्योगिक वसाहत यांसाठी जमिनी घेताना प्रत्येक हितसंबंधीयाचे नाव व वाटा लिहावा लागला. गाव उठले, परंतु उठविण्याच्या निमित्ताने केलेली त्याची यादी राहिली.

जन्ममृत्यूची सार्वत्रिक नोंदणी १९६९ च्या कायद्याने, म्हणजे १९७० पासून, एकसूत्री झाली. त्यापूर्वीच्या काळासाठी नगरपालिकांच्या वह्या आणि खेड्यांपुरते गाव नमुना १४, म्हणजेच लोकभाषेतील कोतवाल बुक, पाहावे लागते. कोतवाल बुकात जात नोंदलेली असल्याने त्याला अलीकडे मोठेच महत्त्व आले आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा व इतर मागासवर्गांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. आगरी किंवा भंडारी कुटुंबाला तो आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात बहुधा सापडतो. आरे व बोरिवलीच्या जंगलातील वारल्यांची स्थिती याच्या उलट आहे : शतकानुशतके तेथे राहूनही जमीन नावावर नसल्याने ते फेरफारात नाहीत, शाळेत न गेल्याने रजिस्टरात नाहीत. साष्टीत ज्यांचे वास्तव्य सर्वांत जुने, त्यांचाच कागद सर्वांत तोकडा, ही ह्या दप्तराची मोठी उणीव आहे. अशा वेळी जंगलखात्याच्या जुन्या नोंदी, मतदारयाद्या आणि वृद्धांच्या तोंडी परंपरा एकत्र करून पुरावा उभा करावा लागतो.

इतर समाजांची साधने संख्येने थोडी आहेत. मुसलमान घराण्यांसाठी काझींच्या निकाहाच्या वह्या, तर ठाण्याच्या बेने इस्राएल समाजासाठी तेथील सिनॅगॉग (१८७९) व दफनभूमीतील शिलालेख उपयुक्त आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरू स्वहस्ते पिढ्यांची नावे लिहीत. त्या गावनिहाय लावलेल्या असल्याने तेथेही आधी गावच सांगावे लागते.

उपनगरांतील बहुसंख्य रहिवासी मात्र मूळचे साष्टीकर नव्हेत. माहीमचा सेतुमार्ग (१८४५), लोहमार्ग आणि १८९६ ची प्लेगची साथ यांमुळे मुंबईतील मध्यमवर्ग उत्तरेकडे सरकला व खार, सांताक्रूझ, पार्ले येथे वसाहती उभ्या राहिल्या. अशा कुटुंबांची उपनगरातील साधने म्हणजे सहकारी गृहरचना संस्थेची सभासद नोंदवही, नामनिर्देशनपत्रे व चाळीच्या भाडेपावत्या. ती दोनतीन पिढ्यांपलीकडे जात नाहीत; पुढचा शोध कोकणातील वा देशावरील मूळ गावी न्यावा लागतो.

घरातील कागद सर्वांत आधी नष्ट होतात. २६ जुलै २००५ च्या महापुरात सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस पडला. कलिना, कुर्ला आदी भागांतील तळमजल्यांवरच्या घरांत कुटुंबांचे जुने दाखले व छायाचित्रे भिजून गेली. ख्रिस्ती दफनभूमींत जागेच्या टंचाईमुळे काही वर्षांनी तीच कबर पुन्हा वापरली जाते. परिणामी शिलालेख उरत नाही आणि दफनाची वहीतील नोंद हाच त्या मृत्यूचा एकमेव लेखी पुरावा राहतो.