पावस पडापर्यंत रवा

1973 चा मे महिना. पहाटेचे साडेपाच. सोलापूरच्या एसटी स्टँडवर तुम्ही दोघं कोल्हापूरच्या गाडीची वाट बघताय. खिशात मोबाइल चाचपू नका. तिथं रुमाल आहे आणि रुमालाच्या गाठीत परतीच्या तिकिटाचे पैसे. काहीही झालं तरी ती गाठ सोडायची नाही, हे काल रात्री ठरलंय. बाकीचे पैसे दोघांच्या शाळेच्या पगारातून दिवाळीपासून थोडे थोडे बाजूला पडत आलेले. पायाशी होल्डॉल, त्यात दोन जाड सोलापुरी चादरी. कापडी पिशवीत वातीचा स्टोव्ह, दोन पातेली आणि शेंगाचटणीचा डबा.

घरात सांगितलंय, हवापालट. हिवाळ्यात तुमच्यातल्या तिला विषमज्वर झाला होता, आणि डॉक्टर सहज म्हणून गेले होते, ‘सुट्टीत जरा हवापालट करा.’ ते वाक्य तुम्ही दोघांनी मे महिन्यापर्यंत जपून ठेवलं. मुरारजी पेठेतल्या दोन खोल्यांत सात माणसं राहतात. तुमच्या वाट्याला एक कोपरा आणि दोरीवरचा पडदा. लग्नाला वर्षं झाली, पण मनातलं काही मोठ्यानं बोलायचं तर सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत चालत जावं लागतं. शाळेला सुट्टी दीड महिन्याची. जाण्यायेण्यालाच एवढे पैसे लागणार असतील तर चार दिवसांत परत का यायचं, हा तिचा सवाल. तो बिनतोड आहे.

गाडी सुटते. मंगळवेढ्याच्या अलीकडे काळी रानं लागतात. ज्वारीचं कोठार म्हणतात या मुलखाला, पण गेल्या वर्षी पाऊसच झाला नाही आणि रानं नांगरटीच्या ढेकळांसकट तशीच पडून आहेत. रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चालू आहे. बाया ओळीनं बसून खडी फोडताहेत, बाभळीला झोळ्या बांधल्यात, मुकादम हजेरीचं पुस्तक घेऊन उभा. शहरातही रेशनवर लाल मिलो मिळते. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. अशा वर्षी आपण समुद्रावर निघालोय, ही गोष्ट दोघांच्याही मनात सांगोल्यापर्यंत टोचत राहते. कुणी बोलत नाही. ते टोचणं मला खरं वाटतं, आणि तुम्ही ते झटकून टाकू नये असंही वाटतं. पुढं कामाला येणार आहे.

रात्र कोल्हापुरात, महालक्ष्मीच्या देवळाजवळच्या धर्मशाळेत. दुसऱ्या दिवशी राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट. घाट उतरताना हवा अंगाला चिकटायला लागते. कणकवली, कसाल, कट्टा, चौके. कुंभारमाठावरून गाडी खाली उतरते आणि माडांच्या शेंड्यांवर एक निळी रेघ दिसते. आभाळाच्याच रंगाची. शेजारचा माणूस सांगतो तेव्हा कळतं, तो समुद्र आहे.

मालवण अजून रत्नागिरी जिल्ह्यात आहे. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला 1981 साल उजाडायचंय. लॉजच्या पाट्या शोधत बसू नका. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं वायरीतल्या एका घराचं नाव दिलंय, तेवढ्यावर तुम्ही होल्डॉल डोक्यावर घेऊन चालत निघता. लाल चिऱ्यांचं घर, समोर सारवलेलं खळं, एका बाजूला गवत साठवायचा मांगर. काकी पडवीत आमसुलं वाळत घालताहेत.

‘खंयसून इलास?’

‘सोलापूरहून.’

‘अगे बाय माझे! थंय पाणी नाय म्हणतत ना? बसा, आदी पाणी घेवा.’

भाड्याचं विचारल्यावर त्या हात झटकतात. ‘ता मागीर बघूया. रवतलास किती दिवस?’

तुम्ही एकमेकांकडे बघता. ती म्हणते, ‘पैसे पुरतील तितके.’

काकी हसतात. ‘मगे पावस पडापर्यंत रवा.’

मागची खोली मिळते. घरात वीज नाही, कंदील आहे. खोलीत एक जुना पलंग, भिंतीत कोनाडा, परसाकडे उघडणारी खिडकी आणि दाराला आतून कडी. पहिल्या रात्री तो कडी लावतो, काढतो, पुन्हा लावतो. ती म्हणते, ‘अहो, काय करायला लागलाय ओ?’ मग तीही उठून एकदा लावून बघते. त्या रात्री तुम्ही बोलता. किती, ते मी लिहीत नाही. कंदिलातलं रॉकेल संपेपर्यंत, एवढं पुरे.

सकाळी परसात बाव. काकी विहिरीला बाव म्हणतात. रहाटावर दोर, तळाशी मे महिन्यातही पाणी. उन्हाळ्यात पातळी खाली गेलेली असते, म्हणून काकी कळशा मोजून काढायला सांगतात, पण तुमच्या दृष्टीनं तेही अचाटच. घराच्या पाठीशी आपलं पाणी! रांग नाही, नळाची वेळ नाही. पहिले काही दिवस ती गरज नसताना एखादी कळशी काढते आणि माडाच्या बुडात ओतते. काकी बघतात आणि काही बोलत नाहीत.

स्वस्तात राहणं म्हणजे काय, हे आता जवळून बघा. स्टोव्ह दोन दिवसांत कोनाड्यात जातो, कारण रॉकेल जपायचंय आणि काकींची चूल पेटलेलीच असते. सकाळी उकड्या तांदळाची पेज, तिच्यात मिठाचा खडा आणि बाजूला फणसाची भाजी किंवा नुसतं लोणचं. दुपारी भात आणि कुळथाची पिठी. हापूस पेट्यांतून मुंबईला जातो, तो विकत घेणं तुमच्या हिशेबात बसत नाही आणि काकींच्याही नाही. खायचे ते रायवळ. झाडाखाली सकाळी वेचायला गेलात तर फुकट. त्यांचं सासव करतात, गूळ-खोबरं-मोहरी घालून. तुम्ही मासे खात नाही हे कळल्यावर काकींनी केलेला तो पहिला मानाचा पदार्थ. भाकरीवाचून पोट भरल्यासारखं वाटत नाही, अशी कुरकुर तो करतो, तेव्हा काकींची सून तांदळाच्या पिठाची भाकरी थापून देते. शेंगाचटणी मात्र घरातली दोन्ही मुलं संपवून टाकतात.

बाजारहाट तिच्याबरोबर करा, सुनेबरोबर. ही वहिनी सातवी शिकलेली. तिचा नवरा मुंबईत गिरणीत, साचा खात्यात. लालबागला एका खोलीत गावची बरीच माणसं पाळीपाळीनं झोपतात, तिथं बायको नेणार कुठं? दर महिन्याला मनीऑर्डर येते. पोस्टमन ओट्यावर बसून नोटा मोजतो, काकी अंगठा उठवतात. या किनाऱ्यावरची घरंच्या घरं अशी मनीऑर्डरवर चालतात, आणि पोस्टमन एखादा आठवडा चुकला की दुकानदाराची वही उघडते. तुमचं भाडं त्यामुळंच वेगळं आहे. मुंबईहून न आलेले, घरातच मिळालेले ते पैसे आहेत. काकी ते पहिल्यांदा घेतात तेव्हा पदरात बांधत नाहीत, सुनेच्या हातात देतात.

एका सकाळी बंदरावरून होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यात जा. शिवाजी महाराजांनी 1664 साली या कुरटे बेटावर बांधकामाला हात घातला. तुम्हाला सोलापूरचा भुईकोट ठाऊक, तटाला तटाची ओळख पटतेच. पण तुमची पावलं अडतात ती आतल्या विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड. तो ओंजळीनं पिऊन बघतो, मग तिला देतो, मग पुन्हा पितो. शिवराजेश्वराच्या देवळापेक्षा तुम्ही तिथंच जास्त वेळ बसता, आणि दुष्काळातून आलेल्या माणसानं तिथं बसावंच असं मला वाटतं. दुर्ग बांधणाऱ्याची नजर तटापेक्षा पाण्यात जास्त कळते.

रापण बघायची असेल तर उजाडायच्या आधी किनाऱ्यावर हवं. होडीनं जाळं अर्धगोलात टाकून झालेलं असतं आणि दोन दोर किनाऱ्यावर आलेले असतात, मध्ये बरंच अंतर ठेवून. प्रत्येक दोराला माणसांची रांग. दोर कंबरेशी टेकवायचा, टाचा वाळूत रोवायच्या आणि मागं झुकत एकेक पाऊल मागं यायचं. शेवटचा माणूस वाळूच्या वर पोचला की दोर सोडून धावत पुढं, पाण्यात, आणि पुन्हा पहिला नंबर धरतो. तुम्ही दोघंही दोर धरता. दोर ओला, काथ्याचा, हात सोलवटतात. तासभर काहीच येत नाही, फक्त दोर. दोन रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात, कुणीतरी हाळी देतो, ओढ वाढते, आणि शेवटी जाळ्याचा घोळ उथळ पाण्यात येतो तेव्हा तो सगळा जिवंत असतो. तारले, पेडवे, थोडे बांगडे, वेडेवाकडे पळणारे खेकडे. दोर ओढणाऱ्याला वाटा असतो, मग तो कुठलाही असो. तुमच्या पुढ्यातही तारल्यांचा छोटा ढीग पडतो. तुम्ही नको म्हणता, तर रापणीचा माणूस रागावून बघतो. घामाचा वाटा नाकारायचा नसतो. तुम्ही तो नेऊन वहिनीच्या टोपलीत टाकता, आणि त्या दिवशी घरात तुमचा भाव वधारतो.

असे दिवस जातात. आता मुंबईची बोट येते.

बोट धक्क्याला लागत नाही, लांब उभी राहते आणि पडावातून उतारू आणतात. मेअखेर पावसाच्या धास्तीनं ही वाहतूक बंद होईल, त्याआधी रजा मिळालेले चाकरमानी पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरताहेत. काकींचा झील, म्हणजे मुलगा, वहिनीचा नवरा, तोही उतरतो. आदल्या दिवसापासून काकी काहीतरी बोलायला येतात आणि पेज हवी का विचारून परत जातात. तुमच्यातल्या तिच्या ते आधी लक्षात येतं. ‘अहो, ती खोली त्यांची आहे की ओ.’

वर्षाकाठी दोन-तीन आठवडे भेटणारी ती दोघं. त्या कडीची तुमच्यापेक्षा त्यांना जास्त गरज.

‘काकी, आम्ही मांगरात झोपू.’

‘मांगरात? गवताचो वास येता थंय. चलात मा तुमका?’

चलात. होल्डॉल मांगरात जातो, सोलापुरी चादरी गवताच्या भाऱ्यांवर पसरतात. काकी भाडं घ्यायचं थांबवतात आणि तुम्ही ते वहिनीच्या मुलांच्या हातात कोंबत राहता. ही अदलाबदल तुमच्या सबंध मुक्कामातली सगळ्यांत मोठी गोष्ट आहे असं मी मानतो. लॉजमधली खोली असती तर ती सोडायची वेळ आलीच नसती, आणि त्या माणसांची अडचण तुम्हाला कधी कळलीही नसती.

रात्री खळ्यात बाज टाकून तुमच्यातला तो आणि काकींचा झील गिरणीचं बोलतात. झील मुंबईच्या गिरण्यांचं सांगतो, बदली कामगार म्हणून काढलेली वर्षं, मग कायम होणं. हा त्याला सोलापूरच्या जुन्या गिरणीचं सांगतो. वडील तिथंच होते. 1877 ची गिरणी, गावाला वेळ सांगणारा तिचा भोंगा. 1949 साली ती एकदा बंद पडली, दुसऱ्या वर्षी सरकारनं कारभार हाती घेतला, तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढं साठीच्या दशकात ती कायमचीच थांबली. वडील मात्र भोंग्याच्या वेळेला पुढं बराच काळ उठून बसायचे.

झील ऐकतो. मग म्हणतो, ‘सोलापूरचा येगळा. मुंबयची गिरण बंद पडाची नाय.’

तुम्ही 1973 मध्ये आहात, पण तुम्हाला 18 जानेवारी 1982 माहीत आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर जातील आणि त्यातल्या फार मोठ्या संख्येला गिरणीचं दार पुन्हा उघडणार नाही. हे सांगता येत नाही. तुमच्यातल्या त्याला जे सांगता येतं ते तो सांगतो: ‘गावात चार पैसे येतील असं काहीतरी ठेवा. वहिनी हुशार आहेत.’ झील विडी विझवतो. पण पडवीत बसलेली वहिनी ऐकत असते.

मग झील परत जातो, खोली पुन्हा तुमची होते, आणि थोड्याच दिवसांत आभाळ खाली येतं. समुद्राचा रंग मातकट. होड्या ओढून झावळ्यांखाली झाकल्या जातात. पहिली सर रात्री येते, कौलांवर असा आवाज की बोलणं ऐकू येऊ नये. तुम्ही दोघं खळ्यात जाऊन भिजता. दीड वर्षानं अंगावर पाऊस. तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ती म्हणते, ‘मंगळवेढ्यावर पडायला पाहिजे हो हा.’ ती खडी फोडणारी माणसं तुमच्याबरोबर इथवर आलेली आहेत.

रुमालाची गाठ सुटते. निघताना एक चादर, मोरांची नक्षी असलेली, तुम्ही काकींच्या पलंगावर ठेवता. पिशवीत आमसुलं येतात, काजू येतात, एक फणस येतो आणि तो कोल्हापूरपर्यंत सगळ्या गाडीला वास देतो.

जुलैत, शाळेच्या पत्त्यावर, वहिनीच्या हातचं आंतरदेशीय पत्र येतं. अक्षर गोल, रेघ सोडून वर चढणारं. चादर वाडीत सगळ्यांनी पाहिली. चार जणींना हवी आहे, पैसे रोख देतील, पावसात अशी जाड चादर इकडे मिळत नाही. तुमच्याकडे साच्यावरचा भाव काय पडतो ते कळवावे, वर काय ठेवायचे ते मी बघीन. सासूबाई विचारतात, खोली मे महिन्यात ठेवायची का.

रविवारी तुम्ही दोघं भद्रावती पेठेत जाता. बोळाबोळांतून मागांचा खडखडाट. ओळखीचा विणकर तेलुगू मिसळलेल्या मराठीत भाव सांगतो, तो मोडक्या तेलुगूत कमी करून मागतो. चार घ्यायच्या ठरलेल्या असतात. ती ढिगातून आणखी दोन ओढून काढते. ‘सहा पाठवू. दोन तिला विकल्यावर पैसे देऊ देत.’ तो वहीत भाव लिहितो, एसटीच्या पार्सलचा खर्च लिहितो, खालच्या ओळीत मे 1974 लिहितो आणि त्याच्यापुढं: खोली, ठेवावी. झील येईल तेव्हा मांगर.