फुकटाची वाट

फुकट मिळणारी वस्तु लोकांनीं होऊन नाकारावी, असे प्रसंग इतिहासांत थोडे. असा एक प्रसंग आपल्याच देशांत २०१५-१६ सालीं घडला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

तारायंत्राच्या काळापासून एक दंडक चालत आला आहे. वाट ज्याच्या हातीं, त्यानें वाटसरूंत आवडता-नावडता असा भेद करूं नये. १८६० सालीं अमेरिकेनें पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तारा नेण्यासाठीं कायदा केला. त्यांत सरकारी संदेश वगळतां बाकीचे आले त्याच क्रमानें, निःपक्षपातीपणें पाठवावे, असें कलम होतें. हाच दंडक इंटरनेटला लावणाऱ्या तत्त्वास टिम वू या कायदेपंडितानें २००३ सालीं ‘नेटवर्क न्यूट्रॅलिटी’ असें नांव दिलें.

फेब्रुवारी २०१५ मध्यें फेसबुक कंपनीनें रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साह्यानें महाराष्ट्र धरून सहा राज्यांत एक सेवा सुरू केली. तिच्यावर निवडक संकेतस्थळें विनामूल्य दिसत. बाकीच्या जगासाठीं पैसे मोजावे लागत. मार्चअखेर दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, वीस प्रश्न काढून जनतेचें मत मागविलें. एप्रिलांत एअरटेलनें आणखी एक योजना काढली. संकेतस्थळाच्या मालकानें पैसे भरावे आणि ग्राहकास तें फुकट मिळावें, अशी तींत तजवीज होती.

लोक बिथरले, तें उगाच नव्हे. उद्यां एखाद्या होतकरू माणसानें नवें दुकान मांडलें, तर त्याच्या दारापर्यंत येण्यास गिऱ्हाइकानें भाडें भरावयाचें, आणि शेजारच्या धनिकाकडे मात्र फुकट जावयाचें. मग गिऱ्हाईक कोणाकडे वळेल? कांहीं स्वयंसेवकांनीं त्या वीस प्रश्नांचीं उत्तरें तयार करून लोकांपुढें ठेवलीं, आणि महिन्याभरांत ट्रायकडे दहा लक्षांहून अधिक ई-पत्रें गेलीं. फ्लिपकार्टनें एअरटेलच्या योजनेंतून अंग काढून घेतलें.

फेसबुकचा युक्तिवादहि अगदींच पोकळ नव्हता. पूर्ण ताट मिळेपर्यंत उपाशी माणसाला चतकोर भाकरीहि देऊं नये काय, असा त्याचा मथितार्थ. सप्टेंबरमध्यें सेवेचें नांव ‘फ्री बेसिक्स’ झालें. डिसेंबरांत वर्तमानपत्रांतून पानपानभर जाहिराती झळकल्या. २८ डिसेंबरच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त मार्क झकरबर्ग यांनीं लेख लिहून महाराष्ट्रांतील एका शेतकऱ्याचा दाखला दिला. त्यास या सेवेमुळें पाऊसपाण्याची माहिती आणि बाजारभाव कळूं लागले, असें त्यांचें म्हणणें होतें.

दरम्यान ट्रायनें दरांतील भेदभावाविषयीं पुन्हा मत मागविलें होतें. फेसबुकनें आपल्या सभासदांपुढें तयार मजकूर ठेवला. बटण दाबलें कीं पाठिंबा रवाना. एकंदर सुमारे २४ लक्ष अभिप्राय आले, आणि त्यांत फ्री बेसिक्सच्या बाजूचेच अधिक होते. मतें मोजूनच निकाल द्यावयाचा असता, तर कंपनी जिंकलीच होती. परंतु त्या मजकुरांत विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरेंच नव्हतीं. प्रश्न एक आणि पाठ केलेलें उत्तर दुसरें, हा प्रकार शिक्षकाला नवा नाहीं. त्याचे गुण ट्रायनेंहि दिले नाहींत. तयार मसुदे दोन्ही पक्षांनीं वापरले. एका पक्षाच्या मसुद्यानें प्रश्नाचें उत्तर दिलें, दुसऱ्याच्या मसुद्यानें दिलें नाहीं.

८ फेब्रुवारी २०१६ रोजीं ट्रायनें मजकूर पाहून निरनिराळे दर आकारण्यास मनाई केली. नियम मोडणारास दररोज ५०,००० रुपये, कमाल ५० लक्ष दंड ठेवला. तीनच दिवसांनीं फ्री बेसिक्सचा गाशा भारतांतून गुंडाळला गेला.

मग त्या चतकोर भाकरीचें काय झालें? सप्टेंबर २०१६ मध्यें जिओ कंपनी आली. तिनें आरंभींचे कांहीं महिने सारें इंटरनेट फुकट दिलें आणि दर कोसळले. गरिबाला वाट मिळाली, ती निवडक दारांपुरती नव्हती. परंतु या दरयुद्धांत दूरध्वनि-कंपन्यांची संख्या झपाट्यानें घटली. २०१७ च्या अखेरीस ज्यांनीं मोबाइल सेवा आवरली, त्यांत रिलायन्स कम्युनिकेशन्सहि होती.

वाटसरूंत भेद करूं नये, हें त्या दहा लक्ष पत्रांनीं मान्य करविलें. वाटाच मोजक्या हातीं जाऊं नयेत, हा प्रश्न त्या वीस प्रश्नांत नव्हता. तो आपल्यापुढें अजून आहे.