स्टेरॉइड-प्रतिजैविक नेत्रथेंब

जंतूंचा नाश करणारे वा त्यांची वाढ रोखणारे प्रतिजैविक आणि दाह शमवणारे स्टेरॉइड ही दोन भिन्न गुणांची औषधे एकाच कुपीत एकत्र करून तयार केलेले, डोळ्यांत घालावयाचे औषध. ०.३ टक्के टोब्रामायसिन व ०.१ टक्का डेक्सामेथासोन हे त्याचे परिचित मिश्रण असून त्यातील विरघळत नसलेले सूक्ष्म कण तळाशी बसत असल्याने कुपी वापरापूर्वी हलवावी लागते.

टोब्रामायसिन जंतुपेशीतील प्रथिननिर्मिती बंद पाडते, तर डेक्सामेथासोनमुळे दाहकारक द्रव्यांची निर्मिती घटून लाली, सूज व ठणका झपाट्याने ओसरतो. औषधाची फसवी बाजू याच आरामात आहे; कारण स्टेरॉइड कोणत्याही सूक्ष्मजीवाला मारत नाही, उलट डोळ्याची प्रतिकारशक्ती दडपते, आणि रोगकारक विषाणू किंवा बुरशी असेल तर सोबतचे प्रतिजैविक निरुपयोगी ठरून संसर्ग लाली नसतानाही आत पसरत राहतो. नागीण विषाणूमुळे पारपटलावर, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर, होणारा फांद्यांसारखा व्रण अशा वेळी चिघळतो. उसाचे पाते किंवा कडब्याची काडी लागून झालेल्या बुरशीजन्य व्रणात तर हे थेंब घातल्यास डोळ्यात कायमचे फूल पडण्याचा, प्रसंगी डोळाच गमावण्याचा धोका असतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा दाह आणि पापण्यांच्या कडांचे काही विकार यांत मात्र हे मिश्रण उपयुक्त आहे. साध्या ‘डोळे येण्या’त त्याची सहसा गरज नसते, ही साथ बहुधा अ‍ॅडेनोविषाणूची असते व एक ते तीन आठवड्यांत आपोआप ओसरते. जंतुजन्य पारपटलव्रणाच्या ५०० रुग्णांवरील, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि मुख्यतः मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालय-समूहात झालेल्या चाचणीत, प्रतिजैविकाला स्टेरॉइडची जोड देऊनही तीन महिन्यांनंतरच्या दृष्टीत एकंदर फरक आढळला नाही.

दीर्घ वापराने नेत्रदाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. दाबवाढ दुखत नसल्यामुळे ती मोजल्याशिवाय कळत नाही. भिंगाच्या मागील भागात मोतीबिंदूही धरतो. म्हणून नेत्रतज्ज्ञ आधी व्रणाची तपासणी करतात, थेंबांचा कालावधी ठरवून देतात आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे चालणारी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. घरातील वृद्धाच्या शस्त्रक्रियेतून उरलेली कुपी नातवाच्या लाल डोळ्यासाठी काढली जाते तेव्हा यांतील एकही पायरी पाळली जात नाही, शिवाय उघडून महिना उलटलेली कुपी स्वतःच दूषित झालेली असू शकते.